रे: रे: हॉलच्या किल्ल्या – पत्रातलं ते वाक्य (तातडीचं!!)

मेधा (सचिव), गुरुवार रात्री ८:१०

मंडळी,

शनिवारच्या हॉलचं घोडं पुन्हा अडलंय. इथल्या फ्रेंच नगरपालिकेतल्या बाईंचा आत्ताच फोन येऊन गेला. आपल्या पत्रात "नू वू रांद्रों ले क्ले कां नू नेत्वारों ला साल" (हॉल साफ करू तेव्हा तुम्हाला किल्ल्या परत देऊ) असं आहे ना, त्यावर त्या विचारत होत्या की सफाई चालू असताना किल्ल्या घ्यायला माणूस पाठवायचा का? आणि तो किल्ल्या घेऊन गेला तर मग कुलूप कोण लावणार? मला तर हा अडवायचाच प्रकार वाटतो. उद्या दुपारी बारापर्यंत नवं पत्र गेलं नाही तर हॉल बास्केटबॉलवाल्यांना. गणपतीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत लिहीत नाही.

कुणाला ते वाक्य सुधारता येत असेल तर आज रात्रीच सांगा. आणि रोमन लिपी नको, लिस्टचा ठराव आहे.

– मेधा

अभिजित, रात्री ८:५२

मेधाताई, बाई अडवत नाहीयेत. त्या वाक्याचा अर्थ तोच निघतो. "कां"च्या (म्हणजे "जेव्हा"च्या) दोन्ही अंगांना साधा भविष्यकाळ ठेवला की दोन्ही कामं एकाच वेळची होतात. इकडे झाडू फिरतोय, तिकडे किल्ल्या देतोय.

आधी सफाई पुरी, मग किल्ल्या, हे सांगायचं तर सफाईचं क्रियापद फ्युत्यूर आंतेरिअरमध्ये ("केलेलं असेल" सांगणाऱ्या काळात) हवं:

"नू वू रांद्रों ले क्ले दे क नू-झोरों नेत्वाये ला साल."

आपली गोची अशी की आपण "हॉल झाडला की किल्ल्या देतो" म्हणून मोकळे होतो. "झाडला" हे रूप भूतकाळाचं, पण आपल्याला खटकत नाही. फ्रेंचमध्ये ते खपत नाही. काम भविष्यातलं असेल आणि दुसऱ्या कामाच्या आधी संपायचं असेल तर तसं क्रियापदातच दिसावं लागतं. कां, लॉर्स्क, दे क, ओसितो क, युन फ्वा क (आपले "जेव्हा", "झालं की", "झाल्याबरोबर"), यांतलं काही आलं की आधी हा विचार करायचा.

– अभिजित

दिलीप कुलकर्णीकाका, रात्री ९:३०

चि. अभिजित,

बरोबर आहे, पण एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? किल्ल्या आपणच देणार, सफाईही आपणच करणार. कर्ता एकच असेल तर "आप्रे आव्वार नेत्वाये ला साल, नू वू रांद्रों ले क्ले", म्हणजे "साफ केल्यावर देऊ". विषय संपला. पुण्याच्या आलियांस फ्रान्सेझमध्ये आमच्या मास्तरीणबाई हेच सांगायच्या: जिथे क्रियापद चालवायची गरज नाही तिथे चालवू नका.

जाता जाता, पूर्वी नगरपालिकेची सगळी पत्रं माझ्याकडून तपासून जात. ती पद्धत का मोडली हे कार्यकारिणीने एकदा सांगावं.

– दिलीप कुलकर्णी

मेधा (सचिव), रात्री ९:४१

काका, पद्धत मोडलेली नाही. तुम्ही तेव्हा भारतात होतात, आणि नंतर तुम्हीच म्हणालात की मला आता यात ओढू नका. मेल काढून दाखवू शकते.

तन्वी, रात्री ९:४४

नमस्कार, मी लिस्टवर नवीन आहे. थोडं अवांतर. मी फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे, आणि २०२६च्या १ जानेवारीपासून त्यासाठी फ्रेंचची बी-१ ऐवजी बी-२ पातळी लागते. ह्या काळाचा घोळ माझा अजून सुटलेला नाही. तो बनवायचा कसा, हे कुणी थोडक्यात सांगेल का?

अभिजित, रात्री १०:२०

तन्वी, बनवायला सोपा आहे. आव्वार किंवा एत्र या सहाय्यक क्रियापदाचा भविष्यकाळ घ्यायचा आणि पुढे मुख्य क्रियापदाचा पार्तिसिप पासे ("केलेलं", "गेलेलं" असं रूप) लावायचा. पासे कोंपोझे (नेहमीचा भूतकाळ) येत असेल तर नवीन काही नाही, फक्त "ए"च्या जागी "ओरे", "स्वी"च्या जागी "सरे". आव्वारचा: ओरे, ओरा, ओरा, ओरों, ओरे, ओरों. लिहायला सहा रूपं, कानाला तीनच. म्हणून ऐकून पाठ करू नकोस, लिहून कर.

एत्र कुठे लागतं तर जाणं, येणं, पडणं अशी तीच नेहमीची यादी: आले, व्हनीर, पार्तीर, अरिव्हे, सोर्तीर, राँत्रे, तोंबे वगैरे, आणि "स" लागणारी सगळी. "झ म सरे लव्हे." आता शनिवारचंच उदाहरण घे. आपण वरच्या मजल्यावरून खाली उतरलेलो असू: "नू सरों देसांदू". पण खुर्च्या खाली आणलेल्या असतील तर "नू-झोरों देसांदू ले शेझ". कर्म आलं की एत्र जाऊन आव्वार येतं. मोंते, सोर्तीर, राँत्रे यांचंही असंच. परीक्षेत हमखास विचारतात.

एत्र असेल तर लिंगवचनही सांभाळायचं. भोजन समितीत सगळ्या बायकाच, म्हणून त्यांनी "नू सरों अरिव्हे" (आम्ही पोचलेल्या असू) लिहिलं तर शेवटी जादा ई आणि एस. प्रकाशदादा एकटा जरी मदतीला गेला तरी ई गायब, नुसता एस.

आणि "जर" अर्थाच्या "सि"नंतर हा काळ कधीच लावू नकोस. स्वयंसेवकांच्या सूचनेत "सि व्हू-झोरे फिनी" छापलंय, ते "सि व्हू-झाव्हे फिनी" हवं. कुणी छापलं ते विचारत नाही.

काका, तुमचा उपाय सुरेख आहे, पण बाईंना आणखी एक हवंय, ते मेधाताईंनी लिहिलेलं नाही. स्वयंपाकघर गार्दियां (हॉलचा रखवालदार) तपासणार आणि मगच किल्ल्या घेणार. तिथे कर्ता बदलला. "आप्रे आव्वार" तिथे लंगडं पडतं.

प्रकाश (खजिनदार), रात्री १०:३१

मी भोजन समितीत फक्त पातेली उचलायला जातो. ई घालवायला नाही.

अनामतीचा चेक अजून माझ्याकडे आलेला नाही, त्याचं बघा कुणीतरी.

सुनीता (भोजन), रात्री १०:३८

चेक विनयभावजींकडे आहे. घरी विसरले असतील.

अभिजित, रात्री १०:४०

वहिनी, वा! हे वाक्य फ्रेंचमध्ये ह्याच काळात जातं: "इल लोरा उब्लिए आ ला मेझों." होऊन गेलेल्या गोष्टीचा अंदाज. आपल्या "असतील"सारखंच. तन्वी, हाही उपयोग लक्षात ठेव. नाव भविष्याचं, पण बोलणं कालचं.

दिलीप कुलकर्णीकाका, रात्री १०:५५

कर्ता बदलला तर "आप्रे क" ("झाल्यावर") आहेच की. पण त्यापुढे सब्जाँक्तिफ (न घडलेल्या गोष्टीचं रूप) घालू नका म्हणजे झालं. इथले रेडिओवालेही घालतात. फ्रेंच भाषेची संस्था आकादेमी फ्रान्सेझ इंडिकातिफच (साधं विधानाचं रूपच) सांगते, आणि ते रास्तही आहे, कारण काम झालेलं गृहीत धरलंय. सब्जाँक्तिफ "आव्हां क"ला ("होण्याआधी"ला). हल्लीच्या मुलांना हा फरक कोणी शिकवतच नाही.

सुनीता (भोजन), रात्री ११:०५

व्याकरण चालू द्या. मला एवढंच सांगा की पत्रात रात्री अकराला हॉल सोडायचं काय लिहिलंय? शेवटची अंताक्षरी साडेदहाला सुरू होते, आणि श्रीखंडाची भांडी तिथेच विसळायची आहेत.

अभिजित, रात्री ११:१२

मी मसुद्यात "दिसी व्हँत-त्र्वा-झर, नू-झोरों कित्ते ला साल" घातलं होतं. म्हणजे अकराच्या ठोक्याला हॉल रिकामा, आपण रस्त्यावर. "आ व्हँत-त्र्वा-झर, नू कित्रों ला साल" लिहिलं तर अकराला निघतो, एवढंच.

सुनीता (भोजन), रात्री ११:१५

मग दुसरं लिहा.

प्रकाश (खजिनदार), रात्री ११:१९

वहिनी, अनामतीच्या चेकवर सही माझी आहे. करारातच अकराला हॉल रिकामा असं आहे. पत्रात काय लिहाल ते लिहा, पैसे कराराप्रमाणे कापतात. अंताक्षरी दहाला आटपा.

सुनीता (भोजन), रात्री ११:२२

दहाला जेवणाची दुसरी पंगत उठत नाही. गेल्या वेळी भाषणं कुणी लांबवली ते मी बोलत नाही.

मेधा (सचिव), शुक्रवार सकाळी ७:०५

अकराची ओळ काढून टाकली. करारात आहे, दोनदा कबूल करायला नको. "दे क" आणि "आप्रे क" दोन्ही एकाच वाक्यात नकोत, म्हणून हे कायम केलंय:

"दे क नू-झोरों नेत्वाये ला साल ए क ल गार्दियां ओरा व्हेरिफिये ला क्विझीन, नू लुई रांद्रों ले क्ले." (आमचा हॉल साफ करून झाला आणि गार्दियांने स्वयंपाकघर तपासलं की त्याला किल्ल्या देऊ.)

काका, मधला "ए क" मुद्दाम दुसऱ्यांदा घेतलाय, तो खोडू नका. रोमनमध्ये टाईप करताना "ओरों"ला "ओरिओं" होऊ देऊ नका. मधे आय शिरला की "केलं असतं" होतं, म्हणजे बाई परत फोन करणार. अभिजित, नऊला तू एकदा नजर टाक, साडेनऊला मी पाठवते.

दिलीप कुलकर्णीकाका, सकाळी ७:४०

वाक्य ठीक आहे. "लुई"ने किल्ल्या गार्दियांला जातात, बाईंना नाही, हे त्यांना चालणार आहे ना, एवढं फोनवर विचारून घ्या. खाली सही अध्यक्षांची हवी, सचिवांची नव्हे.

मेधा (सचिव), सकाळी ९:५०

विचारलं, चालतं. पत्र गेलं. सही अध्यक्षांचीच आहे.

सुनीता (भोजन), सकाळी १०:०२

छान. मोठी कढई कोणाकडे आहे?