वाटण्या, बांध आणि पडीक न राहणारी जमीन
लोकसंख्या वाढली की दरडोई जमीन घटते, हा मुद्दा बरोबरच आहे. 1960 च्या सुमारास सुमारे 3 अब्ज असलेली जगाची लोकसंख्या 2022 मध्ये 8 अब्जांवर गेली आणि लागवडीखालील क्षेत्र त्या प्रमाणात मुळीच वाढले नाही. मात्र केवळ भागाकार करून खरा ताण कळत नाही, कारण तो जमिनीच्या आकारातही दिसतो. शंभर मीटर लांबी-रुंदीच्या एक हेक्टर शेताच्या चार भावांत उभ्या वाटण्या झाल्या आणि मध्ये एकेक मीटर रुंदीचे तीन बांध पडले, तर 300 चौरस मीटर, म्हणजे 3 टक्के जमीन बांधांत जाते. पुढच्या पिढीत प्रत्येकी चार वाटेकरी धरले, तर सोळा पट्ट्या, पंधरा बांध आणि 15 टक्के घट. जेमतेम सव्वापाच मीटर रुंदीच्या अशा पट्टीत आडवी नांगरट कोण करणार? शिवाय प्रत्येकाला चांगली आणि हलकी जमीन सारखी मिळावी म्हणून उतारावरच्या वाटण्या बहुधा वरून खाली पाडल्या जातात (न्याय्य, पण मातीच्या मुळावर येणाऱ्या), नांगरही उताराच्या दिशेने चालतो आणि त्याने पाडलेल्या प्रत्येक तासातून (चरातून) माती वाहून जाते.

फिरत्या शेतीत जमीन पूर्वी दीर्घकाळ पडीक ठेवून तिचा कस परत येऊ दिला जाई. खाणारी तोंडे वाढली की सर्वांत आधी हीच विश्रांती आखडते. खते, सिंचन आणि अधिक मजुरी लावून उत्पादन वाढवता येते, हे मान्य. परंतु त्यासाठी लागणारे भांडवल सर्वांत लहान पट्टीच्या मालकाकडेच सहसा नसते.