तिसरीचा निकाल: लेखीत 22, तरी अ-2 कशी?

एका पालकांनी विचारलंय की तिसरीतल्या मुलीला गणिताच्या लेखी पेपरात 30 पैकी 22, म्हणजे 73 टक्के, मग प्रगतिपत्रकावर ब-1 ऐवजी अ-2 कशी? चूक नाहीये. लेखी पेपर हा सत्राच्या 100 गुणांचा एक तुकडाच. तिसरी-चौथीला आकारिक (सत्रभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 60 आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) 40; त्या 40 मध्ये तोंडी-प्रात्यक्षिक 10, लेखी 30. समजा आकारिक 52, तोंडी 8, लेखी 22. बेरीज 82. आणि 81 ते 90 म्हणजे अ-2.

गडबड बहुधा शिक्षकांच्या वहीत होते. आकारिकची टक्केवारी, संकलितची टक्केवारी आणि दोन्हींची सरासरी! इथे 60 पैकी 52 म्हणजे 86.67 आणि 40 पैकी 30 म्हणजे 75, सरासरी 80.83, म्हणजे 82 ऐवजी 81 च्याही खाली. सरळ बेरीजच करायची. पहिली-दुसरीचं प्रमाण 70:30, सहावीचं 50:50. त्यामुळे गेल्या वर्षीचं एक्सेल पुढच्या इयत्तेला तसंच चिकटवलं की सगळा वर्ग चुकतो. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षणाला संकलित नसतंच, तिथे 100 गुण आकारिकचे.

श्रेणीपेक्षा वर्णनात्मक नोंद वाचा. ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच असेल तर ती भरायची म्हणून भरलीय. ‘हातच्याची वजाबाकी करताना दशकातला एक कमी करायचा विसरते’ असं असेल तर सुट्टीत काय घ्यायचं ते कळतं.

चौथीनंतर शाळा बदलणाऱ्यांनी दाखल्यावरचं आईचं नाव आणि अक्षरी जन्मतारीख तिथंच, टेबलासमोर उभं राहून तपासावी. नंतरची दुरुस्ती फार कटकटीची.