जपानच्या राजघराण्याची सून: अटी माहीत असताना तक्रार कसली?

रोखठोक
सामान्य घरातली मुलगी जपानच्या राजघराण्यात गेली की 'सोन्याचा पिंजरा' ही रेकॉर्ड लागलीच म्हणून समजा. मला हे पटत नाही. १९४७ च्या राजगृह कायद्यात, म्हणजे राजघराण्याचे नियम ठरवणाऱ्या कायद्यात, एकूण ३७ कलमं आहेत, एका बैठकीत वाचून होतात. लग्नानंतर आडनाव उरत नाही, मताचा हक्क जातो. माहेरच्या कोसेकीतून, म्हणजे कुटुंबनोंदणीतून, नाव कमी होतं आणि शाही वंशावळीत चढतं. घराण्याची मालमत्ता घटनेच्या ८८ व्या कलमानुसार सरकारची. बदल्यात तनखा मिळतो. सम्राटाच्या कुटुंबाचा तनखा १९९६ साली वर्षाला ३२ कोटी ४० लाख येन ठरला आणि पुढे पंचवीसहून जास्त वर्षं तेवढाच राहिला.
आताचे सम्राट नारुहितो युवराज असताना त्यांच्याशी लग्न केलेल्या मासाको ओवादा हार्वर्डमध्ये शिकलेल्या, परराष्ट्र खात्यात नोकरी करणाऱ्या. आधी लग्नाला नकारही देऊन झाला होता. त्यांना अटी कळल्या नव्हत्या असं कसं म्हणायचं?

शेंडेफळ
कळल्या असतीलच. पण त्यातली एक अट पाळणं कुणाच्याच हातात नसतं, त्याचं काय?
राजगृह कायद्याचं कलम १: गादी पुरुष वंशातल्या पुरुषालाच. कलम ९: दत्तक बंद. आणि वारस औरसच हवा. सम्राट मेइजी आणि सम्राट ताइशो, दोघंही उपपत्नींच्या पोटी जन्मले. जुन्या व्यवस्थेला तो आधार होता. १९४७ च्या कायद्याने ते दार बंद केलं. चांगलंच केलं, पण मुलींसाठी दुसरं उघडलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ११ शाखांमधले ५१ जण घराण्याबाहेर काढले. मग १९६५ ते २००६ या काळात घराण्यात नऊ मुलं जन्मली आणि नऊही मुली. पुढच्या वारसाचा सगळा भार बाहेरून आलेल्या दोन-तीन सुनांवर. याला अट म्हणायचं की सोडत?

रोखठोक
भार आहे हे मान्य. पण सून म्हणजे मुकी बाहुली, हे चित्र खोटं आहे. मासाकोंच्या सासूबाई मिचिको शोदा पीठ गिरणी उद्योगातल्या घरातल्या, १० एप्रिल १९५९ ला तेव्हाचे युवराज अकिहितो यांच्याशी लग्न. त्याआधी राजपुत्र आईबापांपासून दूर, सेवकांच्या हाती वाढत. खुद्द त्यांचे पती अकिहितो तसेच वाढले. मिचिकोंनी मुलं स्वतःजवळ ठेवली, अंगावर पाजली. १९६० साली दौऱ्यावर जाताना नारुहितोंना सांभाळणाऱ्यांसाठी लेखी सूचना ठेवल्या. त्यातली एक अशी की दिवसातून एकदा तरी बाळाला नीट कुशीत घ्या. अशी सून घराण्याची रीत बदलते.

हिशेबनीस
बदलते, पण किंमत मोजून. आणि 'अटी माहीत होत्या' या मुद्द्यातच घोळ आहे. क्रम बघा. आधी दहा जणांची राजगृह परिषद लग्नाला मंजुरी देते. त्यात घराण्यातले दोघे, पंतप्रधान, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष-उपाध्यक्ष, राजगृह संस्थेचे (घराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचे) प्रमुख आणि सर्वोच्च न्यायालयाचे दोघे. मग जाहीर घोषणा. त्यानंतर वधूचं शिक्षण: विधी, वाका (पारंपरिक जपानी काव्य), सुलेखन, घराण्याचा इतिहास. मिचिकोंना मंजुरी २७ नोव्हेंबर १९५८ ला, मासाकोंना १९ जानेवारी १९९३ ला (लग्न ९ जूनला). दोघींच्या हातात पाच महिनेही नव्हते. सही आधी आणि अटींचा अर्थ नंतर!
चुका मोजणारे मात्र पहिल्या दिवसापासून हजर. मिचिकोंचे हातमोजे कोपरापर्यंत पोचत नाहीत म्हणून बोलणी. मासाको पत्रकार परिषदेत राजपुत्रापेक्षा काही सेकंद जास्त बोलल्या म्हणून बोलणी. ऑक्टोबर १९९३ मध्ये, मासिकांतली टीका चालू असतानाच, मिचिको कोसळल्या आणि कित्येक महिने त्यांना बोलता येईना. डिसेंबर २००३ मध्ये मासाकोंना नागीण झाली, जुलै २००४ मध्ये समायोजन विकार (ताणाशी जुळवून घेता न आल्याने होणारा मानसिक आजार) असल्याचं जाहीर झालं. या आजारात पहिला उपाय म्हणजे ताणाच्या कारणापासून माणसाला दूर करणं. इथे कारण म्हणजे तिचा हुद्दा. तो कसा सोडणार?

रोखठोक
सोडता येतो की. कलम १४ वाचा.

हिशेबनीस
वाचलंय. बाहेरून आलेली सून विधवा झाली तर स्वेच्छेने बाहेर पडू शकते, आणि घटस्फोट झाला तर दर्जा आपोआप जातो. मुलं घराण्यातच राहतात. नवऱ्याला घेऊन बाहेर पडावं म्हटलं, तर घराणं सोडण्याबद्दलचं कलम ११ युवराजाला वगळूनच लिहिलंय. ब्रिटनच्या हॅरी-मेगननी २०२० मध्ये शाही जबाबदाऱ्या सोडून जे केलं ते युवराजाच्या बायकोला तिथे कायद्यानेच बंद.

वळचणीचं पाणी
अवांतर: सामान्य घरातला जावई तर घराण्यात येतच नाही. कलम १२ प्रमाणे राजकन्याच बाहेर जाते. अकिहितोंच्या कन्या सायाको २००५ मध्ये गेल्या तेव्हा १५ कोटी २५ लाख येन एकरकमी मिळाले (मूळ तनखा ३ कोटी ५ लाख, त्याचा निम्मा, त्याच्या दहापट). नारुहितोंच्या पुतणी माको यांनी २०२१ मध्ये ही रक्कम नाकारली, तरी नवऱ्यावरची टीका थांबली नाही. 'पैसे घेऊन गप्प बसा' हा युक्तिवाद तिथे कुणाला लावणार?

रोखठोक
मग सुनेची कीव करण्यापेक्षा कलम १ बदला म्हणा ना. दुखणं तिथे आहे.

शेंडेफळ
तेच तर झालं होतं. नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने पहिलं अपत्य, मुलगा असो वा मुलगी, वारस धरा अशी शिफारस केली. फेब्रुवारी २००६ मध्ये नारुहितोंचे धाकटे भाऊ अकिशिनो यांच्या पत्नी किको गरोदर असल्याची बातमी आली आणि विधेयक बासनात गेलं. ६ सप्टेंबरला हिसाहितो जन्मले. आता त्या पिढीत पुरुष म्हणाल तर ते एकटेच. म्हणजे त्यांच्याशी लग्न करणाऱ्या मुलीवर मासाकोंपेक्षाही जास्त भार, कारण तेव्हा निदान धाकटी जाऊ तरी होती.

रोखठोक
त्या मुलीला निदान मंजुरीच्या आधी सगळं शिकवा, एवढं मी मान्य करतो. बाकी मत कायम. कळत्या वयाची बाई 'हो' म्हणते तेव्हा त्या 'हो'ला किंमत द्या.

हिशेबनीस
'हो'ला किंमत द्यायची तर नंतर 'नाही' म्हणायची सोय हवी. ३७ कलमांत ती मला तरी सापडली नाही.