चोचले नव्हेत

‘नैराश्य म्हणजे खाऊनपिऊन सुखी शहरी लोकांचे चोचले’ असं कुणी म्हणतं, म्हणून लिहितोय. निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विसातल्या एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येऊन गेलेलं आढळलं. महानगरांत प्रमाण जास्त निघालं, तेवढं त्यांचं बरोबर. पण बायकांमध्ये आणि चाळिशीतल्यांतही ते जास्त होतं. त्यांना कसले आलेत चोचले?

माझी मावशी सहा वर्षं अंगदुखी आणि पित्तावर गोळ्या घेत होती. झोप उडालीय, जेवण जात नाही, हे कुणी विचारलंच नाही. सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या शंभरातले सुमारे ८५ रुग्ण उपचारांविना राहतात, त्यात ती असणारच. पुढे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, तर आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडायला निघाली. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे तिला आधी सांगायला हवं होतं.

जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.