हिरोशिगेच्या पावसाला वळीव म्हणायचं का?

मुक्कामपोस्ट: शाळेच्या वाचनालयात जपानी लाकडी ठशांची चित्रं लावतोय, त्याखालच्या मराठी ओळी माझ्याकडे आल्यात. हिरोशिगेचं १८५७ चं पुलावरच्या पावसाचं चित्र आहे ना, एदोच्या, म्हणजे जुन्या टोक्योच्या, शंभर ठिकाणांच्या मालिकेतलं, त्याच्या मूळ नावात 'यूदाची' आहे, म्हणजे संध्याकाळी अचानक कोसळणारा पाऊस. मी 'ओहाशी पुलावर वळीव' असं लिहिलं तर सोबतच्या बाई म्हणाल्या वळीव मृगाच्या आधीच, हे चूक आहे. काय लिहू? नुसतं 'पाऊस' लिहायला मन होत नाही, पुलावरची माणसं अचानक सापडलीयत, छत्रीखाली वाकून पळतायत.

कुरडई: बाई बरोबर आहेत. वळीव म्हणजे चैत्र-वैशाख, आधी गार वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब. आमच्याकडे गच्चीवर कुरडया घातल्या की हमखास यायचा आणि सगळं घर परात घेऊन वर धावायचं. आजी म्हणायची ढग वळून येतात म्हणून वळीव.

तिरकीरेघ: पण जपानात जूनचा पावसाळा, त्सुयू, संपल्यावर खरा उन्हाळा तापतो आणि यूदाची त्यातली, हायकूतही ती उन्हाळ्याचीच खूण. यू म्हणजे संध्याकाळ आणि दाची म्हणजे उभं राहणं. तापलेल्या दिवसाच्या शेवटी ढग उभा राहतो, कोसळतो, निघून जातो. महिना सोडा, स्वभाव वळवाचाच आहे की!

जुनीवही: म्हणून 'यूदाची' तसाच ठेवा, खाली एक ओळ अर्थ द्या. दुसऱ्याच्या ऋतूवर आपलं नक्षत्र लादू नये.

कुरडई: पोरं ती ओळ वाचणार नाहीत. 'सांजसर' कसं वाटतं?

जुनीवही: गोड आहे पण कोण बोलतं असं? बनवलेला शब्द आहे.

तिरकीरेघ: आणि 'सर' फार हलकी, हे चित्र जवळून बघा. वरचा काळा ढग ओल्या ठशावर शाई पुसत पुसत विरवलाय, त्याला बोकाशी म्हणतात, ते हातानं होतं म्हणून प्रत्येक छापात ढगाची कड वेगळी येते. आणि पावसाच्या रेषा केसाएवढ्या, त्या खोदलेल्या नाहीत, दोन्ही बाजूचं लाकूड काढून उभ्या ठेवल्यात. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये हेच चित्र तैलरंगात केलं, तिथे त्या रेघा जाड झाल्या.

मुक्कामपोस्ट: अजून एक, खाली नदीत एकटा माणूस लाकडांचा तराफा बांबूनं रेटतोय, त्याच्या अंगावर पेंढ्याचं आहे ते इरलं ना?

भातखाचर: इरलं नाही हो! इरलं बांबूच्या कामट्यांचं, पानं घालून केलेलं, डोक्यावरून पाठीवर येतं, लावणीला वाकलं की पाठ कोरडी राहते. हे गळ्याशी बांधलेलं दिसतंय.

कुरडई: मग खोळ म्हणा.

भातखाचर: खोळ घोंगडीची नाहीतर पोत्याची, पेंढ्याची कुठून आणली? आमच्या वडलांचं इरलं अजून माळ्यावर आहे, उद्या फोटो टाकतो मग बोला.