डी-७५० चं ओझं उतरवायचंय: रोजच्या फोटोंसाठी छोटा कॅमेरा कोणता?

खांदेदुखी
मंडळी, निकॉन डी-७५० आणि २४-१२० एफ/४ झूम लेन्स अशी जोडी आहे. बॅटरी-कार्डासकट बॉडी ८४० ग्रॅम, लेन्स ७१० ग्रॅम. गळ्यात दीड किलोच्या वर लोढणं. फोटो बहुतेक रस्त्यावरचे: मंडई, तुळशीबाग, कसब्यातली तांबट आळी, सकाळची वेताळ टेकडी. पक्षी नाहीत, लग्नकार्यं नाहीत. ऑफिसच्या सॅकमध्ये कायम पडून राहील असा कॅमेरा हवाय. यादीत रिको जीआर थ्री (२८ मिमी), फुजी एक्स-१०० सिक्स (३५ मिमी) आणि सोनी आरएक्स-१०० मार्क ७ (झूम) आहेत; मिमीचा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद. डी-७५० च्या मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरून उतरल्यावर प्रतीचा फटका नक्की किती बसतो? २८ मिमी आपल्याला जमेल की नाही हे पैसे घालण्याआधी कसं कळणार? आणि पाऊस, गुलाल यांचं काय? ‘मोबाइल वापरा’ हे उत्तर ठाऊक आहे, ते नको.

एफ_आठ
फटका मोजताना नुसता सेन्सर बघू नका, त्यावरची लेन्सही धरा. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, एपीएस-सी (रिको, फुजी) साधारण २३.५ × १५.६, एक इंची (सोनी) १३.२ × ८.८. क्षेत्रफळात एपीएस-सी सव्वा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) मागे, एक इंची जवळजवळ तीन स्टॉपने. पण तुमची सध्याची लेन्स एफ/४ आहे (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त). जीआरची एफ/२.८ लेन्स १.५ ने (फुल फ्रेम सेन्सर जितका पट मोठा, त्या आकड्याने) गुणली की फुल फ्रेमच्या हिशेबात एफ/४.२ येते. म्हणजे एकूण प्रकाश आणि मागचा धूसरपणा, दोन्ही बाबतींत तुम्ही आज आहात तिथेच राहता! एक्स-१०० ची एफ/२ म्हणजे एफ/३, तिथे तर थोडा फायदाच. (उत्तम एफ/१.४ प्राइम, म्हणजे बिनझूमची लेन्स, वापरणाऱ्याला हे गणित लागू नाही. त्याला फटका बसतोच.)

सोनीचं चित्र वेगळं. २४-२०० ची रेंज ३०२ ग्रॅममध्ये मिळते ही कमाल आहे, पण २.७ ने गुणलं की रुंद टोकाला एफ/७.६ आणि लांब टोकाला एफ/१२ उरतं. टेकडीवर सकाळी उत्तम, संध्याकाळी सातनंतर लक्ष्मी रोडवर रडारड.

२८ जमेल का, याचं उत्तर तुमच्या हार्ड डिस्कमध्ये पडलेलं आहे. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरच्या लायब्ररी फिल्टरमध्ये मेटाडेटा निवडा, एका रकान्यात फोकल लेंथ (मिमीचा आकडा) लावा आणि गेल्या वर्षभरातले फक्त निवडून ठेवलेले फोटो मोजा. सगळे मोजलेत तर आकडे फसवतात.

पेठेतला_पादचारी
वरच्या हिशेबाला दुजोरा. तुमच्या यादीत रस्त्यासाठी जीआर थ्रीच. बॅटरीसकट २५७ ग्रॅम, म्हणजे आजच्या वजनाच्या एक षष्ठांश, आणि शर्टाच्या खिशात मावतो. त्याचा ऑटोफोकस मात्र डी-७५० च्या जवळपासही नाही, अंधारात तर शोधाशोधच करत बसतो. म्हणून तो स्नॅप फोकसवर, म्हणजे आधीच ठरवलेल्या अंतरावर, चालवायचा.

फुल प्रेस स्नॅप (बटण एकदम पूर्ण दाबलं की ऑटोफोकस न करता ठरलेल्या अंतरावर फोटो) चालू करा. स्नॅप अंतर २ मीटर. एव्ही मोड (एफचा आकडा आपण ठरवायचा), एफ/८. ऑटो आयएसओची (प्रकाशाला संवेदनशीलता) वरची मर्यादा ६४००, कमीत कमी शटर १/२५०. जीआरच्या २८ मिमीच्या लेन्सला एफ/८ वर २ मीटरला फोकस ठेवला की साधारण १ मीटरपासून ४५ मीटरपर्यंत सगळं धारदार. सावलीतल्या गल्लीत एवढ्यावर आयएसओ ४०० च्या आसपास राहतो. तुळशीबागेत कापडी छताखाली एफ/८ चा हट्ट धरलात तर तोच आयएसओ ६४०० ला टेकतो. तिथे एफ/५.६ वर या, पण धारदार पट्टा १.२ ते ६ मीटर एवढाच उरतो हे ध्यानात ठेवा. २ मीटरचा अंदाज यायला सोपं माप: स्टँडवर लावलेली स्कूटर सुमारे १.८ मीटर लांब असते.

नवीन माणसाची चूक एकच होते. बटण हळू दाबलं की कॅमेरा त्याला अर्धा दाब समजतो आणि ऑटोफोकसला लागतो. तोवर भाजीवाली मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. बटण एका झटक्यात पूर्ण खाली.

जीआर थ्री एक्स (४० मिमी) घेतलात तर हे गणित जमत नाही. एफ/८ वर २ मीटरला फोकस ठेवून पट्टा जेमतेम १.४ ते ३.८ मीटर.

गुलालबंदी
स्नॅप फोकस छानच, पण जीआरची खरी दुखरी जागा धूळ. चालू-बंद करताना लेन्स आतबाहेर होते आणि भात्यासारखी हवा ओढते. जीन्सच्या खिशातला भुसकट, टेकडीवरची माती, सगळं आत. सेन्सर झटकायची सोय आहे, पण लेन्स काढता येत नसल्यामुळे चिकटलेला कण ब्लोअरने उडवता येत नाही, कॅमेरा उघडूनच घ्यावा लागतो. विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळला जात असताना जीआर किंवा आरएक्स बाहेर काढणं म्हणजे पैसे गुलालात उधळणं. तुमची २४-१२० सुद्धा झूम करताना लांब होते, तीही भाताच.

एक्स-१०० सिक्स ५२१ ग्रॅमचा, खिशात मावणार नाही, पण त्याची लेन्स अशी आतबाहेर होत नाही. बॉडीला सील आहेत. मात्र समोरून तो पाणी-धुळीला तेव्हाच बंद होतो जेव्हा अडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा साधा प्रोटेक्टर फिल्टर लावलेला असतो. रिंग न घेता ‘वेदर रेझिस्टंट आहे’ म्हणून आषाढात पालखीच्या गर्दीत भिजवू नका. फिल्टर लावला तरी तो सरीपुरताच. नळाखाली धरायचा नाही.

पावसाळ्यात घरी ठेवताना हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर बुरशीला आमंत्रण, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. आणि स्कूटरच्या डिकीत कॅमेरा नको: खालून इंजिनची धग, वरून खड्डे. पुण्यात खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

खांदेदुखी
आभार. मोजलं. निवडलेल्या ४१२ फोटोंपैकी १५० हून जास्त २४ वर, साधारण १२० हे ३० ते ४० च्या मध्ये, बाकी विखुरलेले. मग २८ की ३५?

एफ_आठ
२४ वरचा ढीग जरा संशयाने बघा. झूम तिथे संपते म्हणून फोटो तिथे साचतात. पेठेतल्या वाड्यासमोर मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा हात आपोआप टोकाला जातो. ते फोटो उघडून कडा बघा. कडेला काही कामाचं नसेल आणि नंतर कापलेलं असेल, तर तुम्ही खरे ३५ वाले.

खात्री हवी असेल तर झूम रिंग २८ वर फिरवून त्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावा. एक आठवडा तसं, पुढचा आठवडा ३५ वर. सेलोटेप नको, गोंद राहतो. २८ च्या आठवड्यात सारखं पुढे जावंसं वाटलं तर फुजी, ३५ च्या आठवड्यात पाठ भिंतीला टेकत राहिली तर रिको. जीआर थ्रीमध्ये ३५ चा क्रॉप (कडा कापून तेवढंच दृश्य) आहे, त्यात २४ चे १५ मेगापिक्सेल उरतात. छपाईला तेवढे पुरतात.

जुनी_बॉडी
सगळ्यांनाच खरेदीची घाई दिसते! आधी २४-१२० काढून ५० मिमी एफ/१.८ जी लावून बघा. लेन्स १८५ ग्रॅम, एकूण वजन १,०२५ ग्रॅमवर येतं, माउंटला (लेन्स-बॉडीच्या जोडाला) रबरी गॅस्केट आहे आणि पुढचा भाग बाहेर येत नाही. गुलालासाठी हीच जोडी ठेवा, फक्त मिरवणुकीत लेन्स बदलू नका. डी-७५० ला एका चार्जवर १,२३० फोटो मिळतात, जीआरला २००. ही तफावत रस्त्यावर जाणवते.

पेठेतला_पादचारी
२०० हा आकडा खराच आहे, म्हणून जीआरबरोबर दोन जादा बॅटऱ्या गृहीत धरा. वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवा. यूएसबी-सी असल्यामुळे पॉवर बँकेवरही चार्ज होतो. दुसरी कटकट एप्रिल-मेच्या उन्हाची. व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीनवर काही दिसत नाही. आउटडोअर व्ह्यू (स्क्रीनचा उजेड) वाढवा आणि मीटरिंग, म्हणजे प्रकाशाचं मोजमाप, उजळ भाग सांभाळणाऱ्या हायलाइट-वेटेडवर टाका, म्हणजे स्क्रीन न दिसतासुद्धा पांढरी टोपी-धोतर तपशील जाऊन नुसतं पांढरंफटक होत नाही. सावल्या रॉमधून (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) वर काढता येतात.

खांदेदुखी
टेप लावली. जीआर सेकंडहँड बघतोय, घेताना काय तपासू?

गुलालबंदी
विक्रेत्यासमोरच एफ/१६, फोकस जवळ, आणि कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो. घरी नको. मोठा करून चारही कोपरे बघा, करडे ठिपके म्हणजे धूळ. मग कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करून तोच फोटो पुन्हा घ्या. ठिपके जागचे हलले तर कण सुटा आहे, झटकून कदाचित जाईल. तिथेच राहिले तर कॅमेरा उघडून साफ करायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. लेन्स बाहेर येताना करकर आवाज आला तर भाव करत बसू नका, परत द्या. शेवटी बिल आणि भारतातली वॉरंटी बघा. बाहेरच्या देशातून आणलेल्या कॅमेऱ्याला इथे बहुधा वॉरंटी मिळत नाही.