बाजरीचे जुने आकडे फुकट कुठे मिळतील?

माणदेशी: एम.ए. अर्थशास्त्राचा लघुप्रबंध करतोय. विषय: बाजरीखालचं क्षेत्र, भारत आणि आफ्रिकेतला नायजर. कॉलेजकडे परदेशी नियतकालिकांची वर्गणी नाही. एका साइटने तक्त्याचे डॉलर मागितले. सर म्हणाले, 'एफएओ बघ'. ते फुकट आहे का? आणि प्रबंधात चालेल का?

ग्रंथपाल मावशी: एक रुपयाही देऊ नकोस रे. एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची रोममधली अन्न व कृषी संघटना. तिचं 'फाओस्टॅट' हे आकडेभांडार सगळ्यांना खुलं आहे. १९६१पासूनचं क्षेत्र, उत्पादन, हेक्टरी उतारा देशवार मिळतो. फाइल उतरवली की एक्सेलमध्ये उघडते. प्रबंधात अगदी बिनधास्त वापर, फक्त कोणत्या तारखेला उतरवलंस ते लिही, कारण मागचे आकडेही नंतर सुधारले जातात.

हे आकडे बहुतेक देशोदेशींच्या सरकारांनीच कळवलेले असतात, म्हणजे लोकांच्या करातून गोळा झालेले. ते लोकांनाच विकायचे, हे मला नोकरीत असतानाही पटत नसे. जागतिक बँकेने २०१० साली आपलं आकडेभांडार मोफत केलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता तुझी खरी अडचण. फाओस्टॅटमध्ये ज्वारी वेगळी आहे, पण बाजरी नाही. 'मिलेट' या एकाच ओळीत बाजरी, नाचणी, वरई सगळं येतं. नायजरमध्ये ती ओळ जवळपास बाजरीचीच, भारतात मात्र नाचणीही मिसळलेली. तुलना तिथेच फसेल. भारताची निव्वळ बाजरी केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या अर्थ व सांख्यिकी विभागाच्या तक्त्यांतून घे.

आणि आकड्याशेजारचं इंग्रजी अक्षर पुसू नकोस. 'ए' म्हणजे अधिकृत, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे आकडा आलाच नाही म्हणून गणिताने भरलेला. 'आय'वाल्या वर्षांवरून निष्कर्ष काढलास तर परीक्षक धरेल, आणि धरावंच.

कोरडवाहू: लेख शोधायला एफएओचंच 'अ‍ॅग्रिस' बघ. 'अगोरा'च्या नादी लागू नकोस. नियतकालिकं फुकट वा स्वस्तात वाचायची ती सोय कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांसाठी आहे; नायजरच्या विद्यापीठाला मिळते, आपल्याला नाही.

माणदेशी: मावशी, खूप आभार. नाचणीचं लक्षातच आलं नव्हतं. सातारा जिल्ह्याचे आकडे मिळतील का तिथे?

ग्रंथपाल मावशी: नाही, ते देशापाशीच थांबतं. जिल्ह्यासाठी राज्याचा कृषी विभाग गाठ. तिथे बाजरीचा खरीप आणि उन्हाळी हंगाम वेगळा माग.